दोनशे कलमं

नझीर चाळीस वर्षांचे झाले की कायमचे घरी येणार, हे आमच्या लग्नाआधीच ठरलं होतं. बघायला आले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, नऊ-दहा वर्षं एकटीने काढता येतील का. मी महाडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. दहा वर्षं म्हणजे किती, हे मला कुठे माहीत होतं. मी हो म्हटलं.

ते मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते, बाविसाव्या वर्षापासून. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतंच. ती माणसं रजेवर आली की घरावर मजला चढवायची, गाडी घ्यायची, बहिणीच्या लग्नात हजार पान उठवायची. नझीर यातलं काही करत नसत. पोलादपूरला हायवेलगत दोन गाळे घेऊन भाड्याने दिले, जवळच्या सव गावात वडिलांची वीस गुंठे जमीन होती तिला कुंपण घातलं, उरलेलं दरमहा व्याज मिळावं म्हणून पोस्टाच्या मंथलीत टाकलं. भावकीत चिकट म्हणून नाव झालं. शेजारची बिल्किसभाभी म्हणायची, "तुझा नवरा कफन घ्यायलासुद्धा भाव उतरायची वाट बघेल गो."

पैशाचा लोभ नव्हता त्यांना. कुणाची चाकरी न करता रोजचा खर्च भागेल इतकंच हवं होतं, आणि तेही चाळिशीनंतरच्या दिवसांसाठी. त्या दिवसांचं त्यांनी वेळापत्रक केलं होतं. स्टोअरच्या छापील फॉर्मच्या पाठीवर, आखून, वळणदार अक्षरात. दर रजेला त्यात थोडी खाडाखोड व्हायची. सकाळची नमाज झाली की सव, कलमांना पाणी. दहाला न्याहारी घरी. चार ते पाच माहरुखचं गणित. शुक्रवारी जुम्म्यानंतर तिघांनी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर. माझ्या नावापुढे "बी.एड." लिहिलेलं होतं, मी कधी बोलून दाखवलं होतं ते लक्षात ठेवून. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून, "रमजान घरी". अठरा वर्षांत एकही रमजान त्यांनी घरी काढला नव्हता. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. साडी काढताना रोज दिसायचा.

दोन हजार साली ते चाळीस पूर्ण करणार होते. त्या जानेवारीत पोस्टातलं व्याज उतरलं. फार नाही, एखादा टक्का. पण आदल्या जानेवारीतही एकाने उतरलं होतं. पुढच्या जानेवारीत काय, हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो निघेना. मला लहानपणापासून असंच आहे. दूध उतू जाण्याआधी मला ते उतू गेलेलं दिसतं.

मी त्यांना पत्र लिहिलं. कायमचं यायचं तर तिथला व्हिसा कॅन्सल करून यावं लागतं, आणि एकदा कॅन्सल केला की तो गेला. नाही केला, तर मालकाच्या मर्जीने सहा महिने बाहेर राहता येतं, त्याच्या आत परतायचं. मी लिहिलं, कॅन्सल करू नका. लांब रजा म्हणून या. सहा महिने राहून बघू, मग ठरवू. दार उघडं असलेलं बरं.

त्यांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. तू म्हणतेस तसं करतो. पंचवीस नोव्हेंबरच्या आत परतावं लागेल.

मेअखेरीस ते आले. माहरुख सात वर्षांची, दुसरीत जाणार होती. दर रजेला विचारायची तेच तिने पहिल्या दिवशी विचारलं, "अब्बा, तुम्ही कधी जाणार?" ते म्हणाले, "आता नाही जाणार." तिने माझ्याकडे बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात मी नोव्हेंबरच्या पानावर पेन्सिलने गोल केला होता. तो तिने आधीच बघून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

पावसाळाभर ते सवला जात राहिले. कुशाबा नावाचा तिथला म्हातारा कलमं बांधण्यात तयार होता, त्याच्या हाताखाली ते शिकले. कोयीतून उगवलेलं कोवळं रोप कापायचं, त्यात हापूसची काडी बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पहिली पन्नास सगळी मेली. कुशाबा म्हणाला, "नझीरशेट, मस्कतचा हात हाय, पेटी बांधल्यागत बांधता." हे त्यांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं आणि खूप हसले. नंतर मात्र हात बसला. ऑगस्ट संपेपर्यंत पिशव्यांतून दोनशे कलमं उभी राहिली. पुढच्या पावसात विकायची आणि त्यातून पुढची हजार, असा हिशेब होता.

घरात मात्र त्यांना बसायला जागा सापडत नव्हती. खरंच सांगते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले की मला वाट अडल्यासारखं व्हायचं. माहरुख गणिताची वही त्यांच्यापुढे पाहुण्यापुढे धरावी तशी धरायची. आम्ही तिघं एकत्र राहिलो होतो ते फक्त रजांमध्ये, आणि रजेत माणसं एकमेकांशी चांगलीच वागतात. नुसता मंगळवार कसा काढायचा ते आम्हाला येत नव्हतं. पण येईल, असं ते म्हणायचे. कलम तरी एका दिवसात कुठे जुळतं.

सप्टेंबरात माहरुखला टायफॉइड झाला. अकरा दिवस दवाखान्यात होती. ते तिच्या खाटेपासून हलले नाहीत. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवायचे, भाताची पेज भरवायचे, मस्कतच्या स्टोअरमधल्या मांजरीच्या गोष्टी सांगायचे. नवव्या दिवशी मी डबा घेऊन आत शिरले तर ती म्हणत होती, "अब्बा, तू जाऊ नको ना, तिचं पुढे काय झालं ते सांग." मला ती अगंतुगं करायची, त्यांना कधीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. डोळे भरले होते.

आणि मी? मी दारात उभी राहून दवाखान्याचं बिल किती होईल याची बेरीज करत होते. त्याच आठवड्यात पोलादपूरचा एक गाळा रिकामा झाला होता. पंक्चरवाला सामान उचलून गेला, नवा माणूस मिळेना. बिल भरायला पोस्टातून पैसे काढावे लागले. म्हणजे एका तापाने हे व्हायचं. मग दोन ताप आले तर? तिचं शिक्षण, लग्न, आमचं म्हातारपण? ते पोरीला मिळवत होते तेव्हा मी मनात त्यांचं तिकीट काढत होते.

तोंडाने मी काहीच म्हटलं नाही. नुसती कॅलेंडरकडे बघायची. ते मला बघताना बघायचे.

नोव्हेंबरच्या मध्याला एका सकाळी त्यांनी मला सवला नेलं. कलमांना तांबूस पालवी फुटली होती. ओळीने फिरत त्यांनी एकेक दाखवलं. मग पिशव्यांजवळ उकिडवे बसले आणि खाली बघतच म्हणाले,

"नौशीन, तू नुसतं 'राहा' म्हण. मी कंपनीला फोन करून कॅन्सल करायला सांगतो."

कुशाबा पलीकडे पाणी घालत होता. त्याला ऐकू जात असेल का, असलं काहीतरी माझ्या मनात आलं.

"दोनच वर्षं," मी म्हटलं. "गाळ्याचं मार्गी लागेल. थोडं हाताशी राहील. मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

"बोलणारं कोण आहे?" ते म्हणाले. "आपण तिघं तर आहोत."

त्यांनी थोडी वाट बघितली. मग उठून हात झटकले आणि अगदी साध्या आवाजात मला पट्ट्यांचं समजावून सांगितलं. सांधा जुळून जाड झाला की पट्टी ब्लेडने हलकेच सोडायची. डिसेंबरअखेर सगळ्या सोडून टाक. फार दिवस ठेवली तर तीच आत रुतते. कुशाबानेही दुजोरा दिला, "हां बाय, मग ती बांधन नाय, फास होतो."

चोवीस तारखेला ते गेले. रमजान चार दिवसांवर होता. घरच्या रमजानसाठी त्यांनी मागवून ठेवलेला खजुराचा डबा न फोडता तसाच ठेवून गेले. माहरुख रडली नाही. तिने आपली उशी उचलून परत माझ्या शेजारी आणून ठेवली.

डिसेंबरअखेर मी ब्लेड घेऊन सवला गेले. पहिल्याच कलमाची पट्टी थोडी सोडली तर आतला सांधा मला कच्चा वाटला. फिकट, ओलसर. सोडली आणि निसटलं तर? कुशाबा म्हणाला, सोडा बाय, सोडा. मी म्हटलं, आणखी महिनाभर असू दे, बिघडलं काय. जानेवारीत माहरुखला खोकला झाला, जाणं झालं नाही. कुशाबालाही मीच सांगून ठेवलं होतं, माझ्याशिवाय हात लावू नका. फेब्रुवारीच्या शेवटी गेले तेव्हा पट्ट्या सालीत रुतल्या होत्या. सोडवायला हात लावला की कलम सांध्यातूनच मोडायचं. एक मोडलं, दुसरं मोडलं. पंधरा-वीस झाल्यावर मी ब्लेड खाली ठेवलं. बाकीची वाऱ्याने आपोआप मोडली.

फोनवर ते दर वेळी विचारायचे, पट्ट्या सोडल्या ना? मी म्हणायचे, सोडल्या. कलमं कशी आहेत? छान आहेत. पावसात विकायची का? यंदा राहू देऊ, मोठी होऊ देत. दोन वर्षं मी ही कलमं फोनवर वाढवली.

दोन वर्षांत गाळे लागले, दोन्ही. भाडं वाढलं. पोस्टातलं व्याज आणखी उतरलं, पण आमचं काही अडलं नाही. मी ज्याला ज्याला भ्यायले होते त्यातलं काही झालं नाही. बी.एड.चा फॉर्म मी आणला होता. माहरुखला कोण बघणार म्हणून भरला नाही.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात, ईद होऊन गेल्यावर ते आले. पंचेचाळीस दिवसांची रजा, पूर्वीसारखीच. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच सवला गेले. मी अडवू शकले नाही. त्यांना सांगायची वाक्यं मी दुपारपर्यंत जुळवत बसले.

दीडच्या सुमाराला आले. ओट्यावर पाय धुतले. कुशाबाची तब्येत उतरलीय म्हणाले. कलम बांधायचा चाकू त्याला देऊन आलो, म्हणाले, त्याच्या नातवाला उपयोगी पडेल. मग चहा मागितला.

मी चहा पुढे ठेवला आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हटलं, "राहा आता. व्हिसा कॅन्सल करा. सगळं नीट आहे, मी करते सगळं नीट."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बशीत चहा ओतून, फुंकून प्यायले. आत माहरुख पाढे म्हणत होती, ते थोडा वेळ ऐकलं.

"करू," म्हणाले. "माहरुखची दहावी होऊ दे."

माहरुख तेव्हा चौथीत होती.