बर्फावरची आठ कुत्री

चित्रकाराने जन्मात बर्फ पाहिला होता तो फक्त सरबतातला. तरी एकोणीस वर्षं तो एकच चित्र काढत होता: आठ कुत्री बर्फावरून घसरगाडी ओढताहेत, पुढ्यात बर्फाला तडा गेलाय, डावीकडे पांढरं अस्वल टपून बसलंय. पहिलं चित्र त्याने हौसेने काढलं. मेहुण्याने ते दुकानात लावलं आणि तिथेच माशी शिंकली. ते विकलं गेलं.

मग तसंच आणखी एक, मग आणखी एक. हॉटेलांना हवं, दवाखान्यांना हवं, उकाड्यात घाम पुसणाऱ्या कारकुनांना तर हवंच हवं. आधी आभाळ, मग बर्फ, तडा, अस्वल, कुत्री आणि शेवटी बारीक ब्रशने दोर. चित्रकाराला इतका वीट आला होता, की अंथरुणावरची पांढरी चादरही डोळ्यांत खुपायची.

एका सकाळी त्याने ब्रश आपटला. "बास! मेलो तरी आता कुत्रं काढणार नाही."

मेहुणा सौदा करण्यात पटाईत. "भावोजी, रविवारपर्यंत मनाला येईल ते काढा. जमलं, तर कुत्री कायमची बंद. नाही जमलं, तर मुकाट्याने हॉटेलची बारा चित्रं."

चित्रकाराने बायकोला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. इतकी वर्षं तिने त्याचे ब्रश धुतले, कॅनव्हास ताणले. तिचं चित्र मात्र राहूनच गेलं होतं.

"केस पिकल्यावर सुचलं होय?" ती म्हणाली, पण बसली.

कपाळ आलं, नाक आलं, मानेवरची शीरसुद्धा आली. डोळे काही येईनात. तीन दिवस तो काढत होता आणि खरवडत होता. रविवारी त्याने नाद सोडला, हात जाईल तसा जाऊ दिला, आणि डोळे एका दमात उतरले. मागे सरून त्याने पाहिलं. ते सगळ्यांत पुढच्या कुत्र्याचे डोळे होते. समोर बर्फ फुटतोय हे दिसतंय, आणि थांबायची सोय नाही.

खाली मेहुण्याची स्कूटर थांबली. चित्रकाराने घाईघाईने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली.

"हरलो गं. या हाताला दुसरं काही येतच नाही. तुला कुत्र्याचे डोळे लावून ठेवले मी."

बायको उठून चित्रापाशी आली. तिने त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली.

"पुसू नका. माझेच आहेत. एकोणीस वर्षं तुम्ही ते कुत्र्याला लावत होतात."

मेहुणा दारात उभा होता, काखेत हॉटेलच्या मापाचे कॅनव्हास. त्याने चित्राकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि जिभेवर आलेला भाव गिळला.

"भावोजी," तो हळूच म्हणाला, "कुत्री बंद. आणि हे विकायचं नाही."

चित्रकार जिंकला होता. पण बायकोकडे मान वर करून बघायची काही त्याची छाती होईना.