खाली कोण उतरणार

दोर निसटला तेव्हा मी खड्ड्यात गुडघ्यांवर बसले होते आणि माझे दोन्ही हात झाडाच्या बुडाखाली होते. वर टांगलेला मुळांचा गड्डा वीतभर खाली आला आणि थांबला. गोणपाटातली माती माझ्या डोक्यावर भुरभुरली. हात कधी मागे ओढले ते मला कळलंसुद्धा नाही.

"घाम आलाय हाताला," वरून हे म्हणाले. "बाकी काही नाही."

"दादा, जपून रे! वहिनीला पुरून वर झाड लावायचंय का?" दुसऱ्या बाजूचा दोर धरलेले माझे धाकटे दीर हसले. त्यांचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मीही हसले. हसले कसली, नुसते दात दाखवले. घाम-बिम काही नव्हता, हे मला ठाऊक होतं. गेला महिनाभर ह्यांचा डावा हात ऐनवेळी दगा देत होता. आधी पाण्याचा पेला पडला, मग दाढीचं खोरं. परवा हे शर्टाच्या गुंड्यांशी झटापट करत पाठमोरे उभे होते, आणि मी दारातूनच मागे फिरले. विचारायची सोय नव्हती. विचारलं की म्हणायचे, हातावर झोपलो होतो. रोज कोण हातावर झोपतं?

आमचं काम असं. रोपवाटिकेतून मोठी झाडं मुळांच्या मातीसकट गोणपाटात बांधून आणायची आणि लोकांच्या बागेत लावायची. खड्ड्यावर आडव्या फळ्या टाकून त्यांवर गड्डा ठेवायचा, खालून दोर घालायचे, फळ्या काढायच्या आणि दोघांनी दोन्हीकडून तो हळूहळू खाली सोडायचा. टेकायच्या आधी खालच्या माणसाने हात घालून तळाची माती सारखी करायची, कारण एकदा टेकलेला गड्डा पुन्हा हलवायचा नाही. तो फुटला तर आतली मुळं तुटतात, आणि झाड वरून हिरवं दिसत राहतं नि मरत जातं. खालचं काम लग्नापासून माझं, कारण मी काटकुळी. दोर ह्यांच्या हातात असला की मला कधी वर बघायची गरजच वाटली नव्हती.

ते झाड कसंबसं बसलं. पुढच्या खड्ड्याशी आलो. बोलावं तर दीर ऐकणार. माणूस वाईट नाही, पण उद्यापासून "दादा, तू बस घरी" सुरू होणार. आणि घरी बसलेले हे माझ्या डोळ्यांसमोर आणवत नव्हते. न बोलावं तर खाली हात सापडला की चुराच. डोकं सापडलं तर विचारायलाच नको. तरी मी उतरले खाली.

दीर फळ्या काढायला वाकले आणि मी वर पाहिलं. ह्यांनी दोराचे वेढे मनगटाला घेतले होते. दोर अंगाला कधी गुंडाळायचा नाही, वजन गेलं तर माणूसही जातो, हे आम्हा सगळ्यांना शिकवलं ते ह्यांनीच. म्हणजे ह्यांनाही आपल्या हाताचा भरवसा उरला नव्हता. मी चेंगरू नये म्हणून हे स्वतःलाच त्या वजनाला बांधून उभे होते.

"थांबा!" मी ओरडले. "फळ्या काढू नका. मला गरगरतंय."

"आता हे काय नवीन?" दीर म्हणाले.

"चक्कर येतेय म्हटलं ना! मी येते वर." मग ह्यांना म्हणाले, "तुम्ही उतरा खाली. एक दिवस मी दोर धरला तर काही आभाळ कोसळत नाही."

"वहिनी, चक्कर येतेय आणि दोर धरणार?"

"खाली वाकलं की येते. उभं राहिलं की नाही. भाऊजी, तुम्ही डॉक्टर झालात का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग उजव्या हाताने सावकाश मनगटाचे वेढे सोडवले आणि खाली उतरले. माझी थाप त्यांना कळली होती.

फळ्या निघाल्या आणि सगळा भार हातांवर आला. आई गं! खाली असताना मला वाटायचं, वरचं काम सोपं. आता गड्ड्याखाली ह्यांचं पांढरं डोकं दिसत होतं आणि माझे तळवे सोलवटत होते. माझ्याच हातून सुटला तर? हे निवांत माती सारखी करत होते, डोकं अगदी गड्ड्याखाली घालून. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

"हळू... अजून थोडा... बसला," ते म्हणाले. "सोडा आता."

दिरांनी दोर सोडला. मी नाही.

"अगं, बसलंय झाड. सोड."

मला ऐकू येत होतं, पण बोटं उघडेनात. हे वर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझं एकेक बोट दोरावरून सोडवायला लागले. एकाच हाताने. दुसरा हात मातीने भरलेला, बाजूला लोंबत होता.

दीर बघत होते. "दादा, तो हात...?"

मी काहीतरी ठोकून द्यायला तोंड उघडलं. ह्यांनी मानेनेच मला नको म्हटलं.

"महिना झाला," ते म्हणाले. "धरत नाही काही."

आम्ही दोघं तिथेच उभे, आणि हे पुढच्या खड्ड्याकडे चालायला लागले. काठावर बसले, उजव्या हातावर भार देत खाली उतरले, आणि तिथूनच त्यांनी आम्हाला हाक मारली.

"चला, या. दोर आता तुम्ही दोघांनी धरायचा."