ठमीचे झटके

आमच्या मांजरीला, ठमीला, पहिला झटका आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात बसून पंजा चाटत होती. चाटता चाटता तिचा एक कान फडफडू लागला, मग अर्धा चेहरा, आणि मग ती एका अंगावर कोसळली. चारही पाय कुणाच्या तरी मागे धावत असल्यासारखे हवेत चालत होते. तोंडातून फेस आला, खालची फरशी ओली झाली. मी चहाचा कप घेऊन उभा होतो आणि उभाच राहिलो. माझी बायको साधना कणीक मळत होती. तिनं तशाच हातांनी आधी पाटा बाजूला सारला, डोकं आपटू नये म्हणून.

तेवढ्यात शेजारचा इस्तारी धावत आला. त्याचं आणि आमचं घर एका भिंतीनं जोडलेलं. तलावातली मासोळी धरायची आणि दोन बैलांवर थोडी शेती करायची, असा त्याचा संसार. ठमी आमच्याकडे दूधभात खायची आणि त्याच्याकडे मासोळीची डोकी. तेरा-चौदा वर्षं तिचं हे दोन घरचं जेवण चालू होतं. इस्तारीनं पायातली चप्पल काढली आणि तिच्या नाकाशी धरली.

"फेफरं होय हे. चमड्याच्या वासानं उतरते," तो म्हणाला.

थोड्या वेळात ठमी शांत झाली. डोळे उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हती.

"पाहा भाऊ. उतरलं का नाई?"

असे झटके आपोआप थांबतात, चप्पल हुंगवल्यानं काही होत नाही, हे मी वाचलेलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला, बरंच काय काय वाचलेलं आहे. पण खरंच तसं वाचलं होतं की मला वाटतंय, याची खात्री नव्हती, आणि समोरचा माणूस इतक्या मायेनं चप्पल धरून बसलेला. मी फरशी पुसायला फडकं आणायला गेलो.

ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. त्यानंतर चार-पाच दिवस ती नीट होती. खात होती, पाणी पीत होती, माझ्या पायाशी झोपत होती. आम्हाला वाटलं, वयामुळे झालं असेल. मग पुढच्या आठवड्यात दुसरा झटका आला, तो भर रस्त्यात, दिनेशच्या किराणा दुकानासमोर. शाळा सुटायची वेळ होती. पोरं गोळा झाली. दिनेशनं आपल्या मुलीला दंडाला धरून आत ओढलं.

"सर, पिसाळलं तुमचं मांजर. तोंडाचा फेस पाहा."

"पिसाळलेलं जनावर पाणी पीत नाही," मी म्हणालो. आवाज इतका हळू निघाला की मलाच ऐकू आला असेल.

"मागच्या उन्हाळ्यात कुत्रा चावला तवा माझ्या भाच्याले किती सुया टोचल्या, तुमाले मालूम आहे. दोन दिवसांत बंदोबस्त करा. नाई त मी पोतं घेऊन येतो, आन् तुमच्यासमोर भरतो तिले. मागून नाई करणार."

मी म्हणालो, "बघतो."

इस्तारीनं ठमीला उचलून घरात आणून ठेवलं. साधना दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"बघतो? काय बघता? पोतं बघता का?"

"त्याचीही पोर आहे, साधना. तो घाबरला आहे."

"मंग तुमी काऊन घाबरले? तुमचं तोंड कोनं शिवलं? बापा, चाळीस वर्षं झाली. कोनी पाय तुडवला त तुमीच माफी मागता."

मला राग आला होता. दिनेशचा आला होता, तिचा आला होता आणि सगळ्यात जास्त त्या 'बघतो'चा आला होता. पण माझा राग तोंडापर्यंत पोचत नाही. तो पोटातच बसतो, आणि मला अपचनाची गोळी घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठमीला घेऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर गावोगावी लस टोचायला गेले होते. बाहेर खुर्चीवर एक कर्मचारी मोबाइल बघत बसला होता.

"काय आणलं? शेळीचं पिल्लू?"

साधनानं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. तो हसला. आतल्या माणसालाही हाक मारून दाखवलं, आणि दोघं हसले.

"बाई, इथी गाय येते, म्हैस येते, शेळी येते, कोंबडी येते. मांजराची दवाई आमच्याकडे पाठवतच नाई कोनी."

"तिला झटके येतात," मी म्हणालो. "मेंदूचं काही आहे का, एवढं डॉक्टरांना..."

"म्हातारी झाली सर थे. झटके येतीन नाई त काय येईन? जंगलात सोडून द्या. बिबट नेते. तुमच्या जिवाचा तरास गेला."

मी "बरं" म्हणालो. खरोखर म्हणालो. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

साधना म्हणाली, "तुमीबी इथी बसून बसून म्हातारे झाले दिसता भाऊ. तुमाले कोन्त्या जंगलात सोडाव?"

त्याचं हसू गेलं. भिंतीवर डॉक्टरांचा नंबर होता, तिनं तिथूनच लावला. डॉक्टर सरळ माणूस वाटला. मागे गुरांचा आवाज येत होता. तो म्हणाला, मी गाईगुरांचा माणूस, मांजराच्या झटक्यांवर अंदाजानं सुई टोचणार नाही. चंद्रपूरला कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टर आहेत, आजच न्या.

आम्ही मुलचेऱ्याहून बस धरली, आष्टीला बदलली. टोपली इस्तारीची होती, मासोळी वाहायची, आणि वाहक दोनदा म्हणाला की मासोळ्या मागे ठेवा. गोंडपिपरीच्या अलीकडे टोपली आपोआप हलू लागली. तिसरा झटका. साधनानं तिला फडक्यासकट मांडीवर घेतलं. आजूबाजूच्या दोन बायका उठून पुढे गेल्या. मागच्या सीटवरच्या एका माणसानं चप्पल काढली आणि ठमीच्या तोंडाशी आणली.

"ती खाली ठेवा," मी म्हणालो.

"अजि काका, याच्यानं..."

"खाली ठेवा म्हटलं ना."

आवाज जरा मोठाच निघाला. वाहकानं वळून पाहिलं. साधनानंही पाहिलं.

चंद्रपूरच्या डॉक्टरबाई, नंदिनी त्यांचं नाव, तरुण होत्या. त्यांनी आधी एक सुई दिली, मग ठमी ढिली पडल्यावर तपासलं. डोळ्यांत उजेड टाकला, पोट दाबलं, रक्त घेतलं. मग मानेवरचे केस बाजूला करून वाकल्या आणि वास घेतला.

"हिला काय लावलंत?"

"काही नाही."

"पिसवांचं औषध? पावडर? तेल?"

"काहीच नाही हो."

"तुम्ही वास घेऊन बघा."

मी घेतला. मला ओळखीचाच वाटला. "हा तर पोळ्यापासून आमच्या गल्लीला येतोच," मी म्हणालो. "बैलांना गोचिडाचं औषध लावतात ना."

"काका, गल्लीला गोचीड होतात का? हे हिच्या मानेवर चोळलेलं आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

त्यांनी समजावून सांगितलं. बैलाच्या अंगावर जे औषध निर्धास्त चालतं ते मांजराचं शरीर जिरवू शकत नाही. ते कातडीतून आत जातं, चाटल्यावर पोटात जातं, आणि नसा भडकतात. पिसाळण्याचं एकही लक्षण नाही. मेंदूत काही नाही असं त्या ठाम म्हणाल्या नाहीत, वय झालंय, पण हे औषध बंद झालं तर झटके बंद व्हावेत. आणखी एकदा लागलं तर ती वाचणार नाही. मग भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात तिला दोनदा धुतलं. भिजलेली ठमी एवढीशी झाली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला ठेवून घेतलं. रात्री आम्ही बल्लारपूरला साधनाच्या बहिणीकडे राहिलो.

कुणीतरी माझ्या मांजराच्या मानेवर विष चोळलं होतं. मला दुसरं काही सुचेना. पोतं आणतो म्हणणारा कोण होता हे मला माहीत होतं. परतीच्या बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होतो, खोडत होतो, पुन्हा जुळवत होतो. साधना म्हणाली, "घरी जाऊन मंग इचार करू." मी ऐकलं नाही. बसमधून उतरलो तो टोपली घेऊन थेट दुकानात गेलो.

"तू विष लावलंस," मी दिनेशला म्हणालो. "मुक्या जिवाला विष लावलंस. लाज वाटायला पाहिजे होती."

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. दुकानात तीन-चार माणसं होती.

दिनेशच्या हातात साखरेची पुडी होती. ती त्यानं खाली ठेवली.

"मी? सर, मी पोतं आणतो म्हटलं, तोंडावर म्हटलं. मले मारायचं असतं त लपून काऊन मारलं असतं? तुमाले भेऊन?"

कुणीतरी हसलं. आणि ते खरंच होतं. मला भिऊन लपणार कोण?

आवाज ऐकून इस्तारी आला. बैलांना घासून आला असावा, हातात ब्रश होता. ठमीला टोपलीत जिवंत पाहून त्याचा चेहरा उजळला.

"आली का माझी माय. काय झालं भाऊ, काऊन कल्ला करून राह्यले?"

"हिच्या मानेवर कुणीतरी गोचिडाचं औषध चोळलं आहे."

"अजि, थे त मीच लावलं," इस्तारी म्हणाला. "पोळ्याले बैलायले लावलं, मंग ठमीले काऊन नाई? तिबी माझ्याच घरचं खाते. मानेले दोन गोचीड होते, मी सोता उपटले. मंग मांगच्या हप्त्यात फिरून लावलं. आन् परवा झटका आला त काल दवाखान्यात न्याच्या आंधी सकाळी थोडंसं लावलं, गोचीड तापच असंन म्हून."

आम्ही कौतुक करू म्हणून तो आमच्याकडे पाहत होता.

दिनेश म्हणाला, "घ्या सर. आता इस्तारीभाऊले पोत्यात भरा."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर माझा राग उतरेल. उतरला नाही. तो दिनेशवरून उठला आणि या माणसावर जाऊन बसला, ज्यानं तिला भर रस्त्यातून उचलून घरी आणलं होतं.

"त्या औषधानंच झटके येतात," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलं."

"औषधानं? नाई भाऊ. माझे बैल पाहा, तेल लावल्यावानी चमकते. डॉक्टरीण पोट्टी आहे, तिले काय मालूम? चप्पल धरली त उतरते का नाई? फिरून आलं त मी आहो ना."

तो हसून म्हणाला. नेहमीप्रमाणे मी "बरं" म्हणावं, अशी सगळ्यांची तयारी होती. माझीही होती. म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यात त्यानं त्याच मायेनं ब्रश फिरवला असता.

"इस्तारी," मी म्हणालो, "तू तिले मारून राह्यला होता. तुझ्या हातानं. फिरून लावशीन त थे मरन."

माझ्या तोंडी ती बोली गावानं फारशी ऐकलेली नव्हती. इस्तारीनं हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग दूर गटाराकडे फेकला. दिनेशची माफी मागायची राहून गेली. तो पोतं आणतो म्हणाला होता, म्हणून ती मी अजूनही पुढे ढकलतो आहे.

आम्ही घराकडे निघालो. इस्तारी दहा पावलं मागून येत होता. अंगणात टोपली ठेवताच ठमी बाहेर आली, आणि त्याच्याकडे बघून ओरडू लागली. मासोळीची वेळ झाली होती. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ती पुढे निघाली. मी तिला पोटाखालून धरलं.

"सोडा ना तिले," साधना म्हणाली. "त्याचं तोंड पाहा."

"आधी त्याला हात धुऊ दे."

इस्तारी बोअरिंगच्या हातपंपावर गेला. साधनानं साबण दिला. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, शाळेतलं पोर नखं दाखवतं तसे. मी वाकून वास घेतला.

"पुन्हा धू," मी म्हणालो.

तो पुन्हा गेला. ठमी माझ्या हातात वळवळत होती, नखं रुतवत होती. तो परत आला, हात पुढे केले, डोळे वर केले नाहीत.

"आता, भाऊ?"

"पुन्हा."