लुगासाकचा सव्वादोन तासांचा थांबा

लुगासाकच्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं नोकरी करते. कचेरी मंगळवारी आणि शुक्रवारी उघडी असते, बाकीच्या दिवशी लोक घरी येऊन डोकं खातात. माझं नाव कोलेत. गावात माणसं चारशे अकरा, आणि कोण कोणाशी का बोलत नाही हे मला पाठ आहे. पण मी मध्ये पडत नाही. सांगितलं ते टाइप करायचं, शिक्का मारायचा, बारा वाजले की जेवायला जायचं.

जेवायला म्हणजे सोलांजच्या खानावळीत. चर्चसमोर सात टेबलं, एक पाटी आणि रोज एकच जेवण: आधी सूप, मग त्या दिवशी जे असेल ते. सोलांज माझ्या वर्गातली. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते. जानेवारीत ती कचेरीत आली आणि म्हणाली, "कोलेत, धंदा बंद करायचा अर्ज कुठला असतो गं?"

मी अर्ज काढून दिला. तिने तो चारदा घडी घालून पिशवीत टाकला. म्हणाली, "नाताळपर्यंत बघते. नाही जमलं तर कुलूप. तुलूझला पोरीने खोली रिकामी करून ठेवलीय, बाल्कनीसकट. तिथे काय करू मी? दिवसभर बाल्कनीतून मोटारी मोजू?"

"मोज की," मी म्हटलं, "गणित सुधारेल."

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की ही खरंच घाबरली आहे.

खानावळीचं दुखणं सरळ होतं. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे मी आणि सहा म्हातारे. सगळे एकटे, कोणी विधुर, कोणी लग्नच न केलेला. द्राक्षमळ्यात आयुष्य घालवलेली माणसं. त्यांचे रुमाल भिंतीवरच्या खणांत ठेवलेले, ज्याचा खण त्याचा. त्यांचा म्होरक्या आबेल. वय एकोणऐंशी, वेली छाटण्यात त्याचा हात अजून कोणी धरत नाही. तोंडाने फटकळ. सोलांज त्रेसष्टची झाली तरी तिला 'पोरी' म्हणतो. "ए पोरी, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" ती आतून ओरडायची, "तुझ्या तोंडाला चव राहिली असती तर लग्न झालं असतं तुझं!" हे एकतीस वर्षं, रोज, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.

आणि सूप तळाला आलं की शाब्रो. वाडग्यात दोन घोट गरम सूप ठेवायचं, त्यात लाल वाईन ओतायची, वाडगा दोन्ही हातांनी उचलायचा आणि भुरका मारायचा. चमचा लावायचा नाही. आमच्याकडे आजे-पणजे तसंच करत आले. हल्ली घरात सुना नाक मुरडतात, म्हणून शाब्रो आता फक्त सोलांजकडे उरला आहे.

फेब्रुवारीत क्रूझ कंपनीचं पत्र आलं. त्यांची नदीवरची बोट बोर्दोहून जिरोंदच्या खाडीतून वर-खाली करते, त्यांना एक शांत गाव हवं होतं. दर गुरुवारी थांबा, हंगामभर. भरतीचं गणित असं की बोट पावणेबाराला धक्क्याला लागणार आणि दोनला सुटणार. आधी मे महिन्यात एक थांबा चाचणीचा. जमलं तर करार.

आमचे सरपंच रेजिस. त्यांचा वाईनचा धंदा आहे. बाटलीवरच्या लेबलात जो किल्ला दिसतो, ते प्रत्यक्षात कोंबड्यांचं खुराडं धरून दोन मजली घर आहे. पत्र वाचून ते खुर्चीतून उठलेच. "कोलेत, गावाचं नशीब उघडलं! चाळीस पाहुणे, दर आठवड्याला!"

"बारा ते दोन," मी म्हटलं.

"मग?"

"बारा ते दोन गाव जेवतं."

ते परत खुर्चीत बसले. आमच्या गावात त्या दोन तासांत टपाल येत नाही, भांडण होत नाही. मागे एकदा आग लागली होती, तीसुद्धा आम्ही आधी जेवून मग विझवली असं शेजारच्या गावात सांगतात. खोटं आहे. जेवणाशेवटचं चीज तेवढं खायचं राहिलं होतं.

मार्चमध्ये कंपनीच्या मादाम आर्मेल पाहणीला आल्या. हातात यादी, पायात खडीवर न चालणारे बूट. त्यांनी विचारलं, "गावाचं वैशिष्ट्य काय?"

"शांतता," रेजिस म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं. मग सोलांजची खानावळ पाहिली आणि म्हणाल्या, "ही जागा गोड आहे. सरपंचांच्या तळघरातल्या वाईननंतर पाहुण्यांना इथे अर्धा तास बसवू. हंगामाचे सव्वीस गुरुवार."

सव्वीस गुरुवार. सोलांजने मला दाराआड ओढलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. "कोलेत, एवढ्यात चालतं गं माझं. पोरीला फोन करून सांगते, बाल्कनीत कुंड्या लाव म्हणावं."

मग रेजिसनी आराखडा केला. पावणेबाराला स्वागत, बाराला सरपंचांचं भाषण, सव्वाबाराला तळघर, एकला खानावळ. टेबलांवर पांढरी कापडं, चीजचे पातळ काप, उंच पेले. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "आणि ती सहा ध्यानं त्या दिवशी नकोत."

"कोण ध्यानं?" सोलांजने विचारलं, जणू तिला माहीतच नाही.

"अगं, वाडग्याने वाईन पितात, मिशीवरून ओघळते, आवाज काय, शर्ट काय! पाहुण्यांसमोर शोभा होईल. एका दिवसाचा प्रश्न आहे, सोलांज."

"तुमचे वडील काय चांदीच्या चमच्याने प्यायचे?" मी विचारलं.

"ते घरात प्यायचे," रेजिस म्हणाले. "आणि तू टाइप कर."

मी टाइप केलं. सोलांजने माझ्याकडे बघितलं होतं, हे मी नाकारत नाही. मी मान फिरवली. मध्ये पडत नाही म्हटलं ना.

मेमधल्या चाचणीच्या आठवड्यात, सोमवारी जेवणं उरकल्यावर तिने त्या सहा म्हाताऱ्यांना सांगितलं. हात एप्रनला पुसत, पुसलेले हात परत पुसत. "गुरुवारी जरा... येऊ नका. एकच दिवस. बोटीचे लोक आहेत."

पाच जण आबेलकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा असा काही सुनावेल की छप्पर उडेल. त्याने रुमालाची घडी घातली, खणात ठेवली आणि म्हणाला, "बरं."

एवढंच. तो शिव्या घालून गेला असता तर सोलांजला त्या रात्री झोप लागली असती.

गुरुवारी पहाटे उठून तिने तरीही सूप केलंच. कोबी, बटाटे, बदकाचं हाड. झाकणाच्या डब्यात भरलं, वाडगे टोपलीत घातले आणि मला म्हणाली, "त्यांना पोचव. सहाही जण उपाशी राहतील, घरी कोण रांधतंय त्यांना?" ते म्हातारे नदीकाठी धुण्याच्या जुन्या घाटावर बसले होते, छपराखाली, ओळीने. मी डबा ठेवला. आबेलने झाकण उघडून वास घेतला. वाईन त्यांनी आपापली आणली होती.

बोट वेळेवर आली. पाहुणे उतरले, टोप्या घातल्या. रेजिसनी रोमन लोकांपासून सुरुवात केली आणि सतरा मिनिटांनी कसेबसे चौदाव्या शतकात पोचले. दोन बायका दगडावर बसल्या. तळघरात सगळ्यांनी वाईन चाखली, चाखलेली वाईन थुंकायला ठेवलेल्या भांड्यात मात्र एकानेही थुंकलं नाही. मग खानावळ. पांढरी कापडं, उंच पेले, आणि सोलांज नव्या ब्लाउजमध्ये भिंतीला टेकून उभी. इतकी शांतता की चीज चावल्याचं ऐकू यावं. मादाम आर्मेल घड्याळ बघत होत्या. मग त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "इथे लोक राहतात ना?"

सोलांजने ते ऐकलं. तिचा चेहरा पडला, कापडासारखा पांढरा झाला.

तेवढ्यात एक उंच पाहुणा बाहेरून धावत आला आणि हातवारे करून इतरांना बोलवायला लागला. सगळे त्याच्यामागे. आम्हीही. घाटावर सहा म्हातारे ओळीत बसलेले, सूप तळाला आलेलं, आणि वाडगे एकदम वर गेले. सहा भुरके. छपराखाली ते असे घुमले की बदकं उडाली. आबेलने मनगटाने मिशी पुसली, समोरचे चाळीस फोन पाहिले आणि म्हणाला, "काय बघता रे, जेवताना माणूस बघितला नाही का कधी?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मादाम आर्मेल यांनी माझा हात धरला. "हे! हेच! हे आराखड्यात का नव्हतं?"

"ही आमची परंपरा," रेजिस पुढे होऊन म्हणाले. "मी स्वतः जपत आलोय."

माणूस निर्लज्ज असावा तर असा. कामं होतात.

करार पुढच्या आठवड्यात आला. सव्वीस गुरुवार, ठिकाण सोलांजची खानावळ, पाऊण वाजता शाब्रो. म्हातारे सहाच हवेत, कारण फोटोत सहा होते. कलम नऊ: त्यांनी नेहमीचेच कपडे घालावेत, आपसात व मालकिणीशी नेहमीसारखंच वागावं आणि बोलावं. कलम दहा: सहापैकी कोणी अनुपलब्ध झाल्यास पंधरा दिवसांत बदली माणूस द्यावा.

म्हातारे त्या गुरुवारनंतर खानावळीत आले नव्हते. सोलांज रोज सूप करत होती, आणि मी एकटी ते पीत होते. शेवटी ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर." मी कधी असं कुठे जात नाही, पण गेले.

आबेल अंगणात कात्रीला धार लावत होता. आम्हाला बघून उठला, टोपी काढली.

"या, मादाम," तो म्हणाला. "बसा."

सोलांज उभीच राहिली. मला वाटलं, चेष्टा करतोय. तिलाही वाटलं असावं, कारण ती हसायला गेली. "मादाम काय, आबेल? डोकं फिरलं का तुझं?"

"बोला, काय काम काढलंत?"

तिने करार काढला, सगळा वाचून दाखवला. अनुपलब्धवर तो म्हणाला, "म्हणजे मेल्यावर ना? पंधरा दिवस पुरतील." मग म्हणाला, "येऊ आम्ही. बाकीच्यांना मी सांगतो. तुमची खानावळ चालली पाहिजे."

"तू चिडलायस," सोलांज म्हणाली. "चीड ना. शिव्या घाल मला. कोलेतसमोर घाल."

"छे हो. कशाला चिडू?" त्याने धार बोटाने तपासली. "एकतीस वर्षं मी तुमच्या दारात कधी विचारलं नाही, येऊ का म्हणून. डोक्यातच आलं नाही. खानावळ तुमची, कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवायचं. चूक माझी होती."

"आबेल, एका दिवसासाठी..."

"हो. एका दिवसासाठीच," तो म्हणाला.

परतताना ती रस्त्याच्या मधोमध थांबली आणि रडली. मी रुमाल दिला. त्या दिवशी मान फिरवली नसती तर, हे मनात आलं. आलं तरी काय करणार? सांगितलं होतं ते टाइप करून बसले होते.

करार झाला. आता सप्टेंबर आहे, बोट पंधरा गुरुवार येऊन गेली. खानावळ भरते, रेजिस रोमन लोकांपासून सुरू करतात, तुलूझच्या खोलीत पोरीने भाडेकरू ठेवला. बंद करायचा अर्ज सोलांजने चुलीत घातला. सहाही म्हातारे ठणठणीत आहेत.

रोज बारा वाजून दहा मिनिटांनी दार उघडतं. आबेल उंबऱ्यावर थांबतो, टोपी हातात घेतो आणि विचारतो, "मादाम, आज आलं तर चालेल ना?" सोलांज म्हणते, "ये ना रे." मग तो आत येतो. सूप चांगलं झालंय म्हणतो, आभार मानतो, चमच्याने संपवतो. तिने एकदा मुद्दाम मीठ घातलंच नाही. तरी तो म्हणाला, "उत्तम झालंय."

फक्त गुरुवारी तो टोपीसकट घुसतो, खुर्ची ओढतो आणि चाळीस पाहुण्यांसमोर आतल्या दिशेने ओरडतो, "ए पोरी! तुझं हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" करारातच आहे ते, कलम नऊ. पाहुण्यांना भाषा कळत नाही, तरी हसतात.

सोलांज सोमवारपासून गुरुवारची वाट बघत असते.