खालची ओळ

पेणच्या एस.टी. स्टँडसमोर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळे तालुक्यात कोण काय शिकलं हे मला बसल्या जागी कळतं. वाढदिवस, निवडणुका, क्रिकेटचे सामने आणि पदव्या ही माझ्या धंद्याची चार पिकं. त्यातलं पदव्यांचं पीक हल्ली फार जोमात येतं. त्याला बाजारात उठाव नाही, ही गोष्ट वेगळी. मी स्वतः बी.कॉम. आहे. माझं प्रमाणपत्र फ्लेक्सच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून माळ्यावर ठेवलंय, आणि बारा वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं ते बघायला मागितलेलं नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी खारपट्ट्यातले पुंडलिक म्हात्रे मुलीचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात आले. आयुष्यभर भातशेती केली, उन्हाळ्यात मिठागरावर राबले, आणि त्यांची किमया गावातली पहिली एम.एस्सी. झाली. डिझाईन होईपर्यंत काका माझ्या खुर्चीमागे दोन तास उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. वर 'हार्दिक अभिनंदन', मध्ये काळा झगा आणि टोपी घातलेली किमया, तिचं नाव, आणि नावाखालच्या ओळीत 'एम.एस्सी. (रसायनशास्त्र) प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्याबद्दल'. ही खालची ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा मोठी करून घेतली. शेवटी नावापेक्षा पदवी मोठी झाली. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, नाव काय, बारशालाच मिळालं होतं.

तळाशी गोल चौकटीत गॉगल लावलेले शुभेच्छुक होते. अकरांपैकी सहा पदवीधर. शुभेच्छा द्यायला गावात सवड होती ती त्यांनाच.

फ्लेक्स वडखळच्या रस्त्याला, गावाच्या फाट्यावर लागला. आमच्याकडे असा फ्लेक्स कोणी आपल्या हातानं उतरवत नाही. दोऱ्या कुजून तो आपण होऊन पडावा, नाहीतर त्याच्यावर दुसऱ्याचा मोठा चढावा. मुदतीआधी उतरवला तर लोक विचारतात, काय, मार्क चुकले होते काय? किमयाचा तर पडणं शक्यच नव्हतं. हायवेच्या ट्रकांची धूळ बसते म्हणून पुंडलिककाका रोज सकाळी ओलं फडकं घेऊन फाट्यावर जायचे आणि शिडीवर चढून मुलीचं तोंड पुसायचे. खालची ओळ जरा जास्तच पुसायचे.

पदवी चकचकीत राहिली, नोकरीचा मात्र पत्ता नव्हता. रोह्याच्या रसायन कारखान्यांत किमया दीड वर्ष खेटे घालत होती. सगळीकडे केमिस्ट हवे होते आणि सगळ्यांना दोन वर्षांचा अनुभव हवा होता. अनुभव कुठे मिळतो, असं तिनं एका साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, नोकरीत. आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर, असा हा प्रकार. कॉलेजात प्रयोगशाळा होती, पण तिथलं सगळ्यात महागाचं यंत्र किमयानं काचेच्या कपाटाबाहेरून पाहिलं होतं. मोडेल म्हणून मुलांना हात लावू देत नसत. मुलाखतीत तिला त्याच यंत्राबद्दल विचारत. ते कसं दिसतं हे ती अगदी बिनचूक सांगायची.

अशात हर्षदशेठ आले. हे रोह्यातल्या कंपन्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत हेल्पर हवा होता: काचेची भांडी धुवायची, नमुने उचलून आणायचे. अट एवढीच, की बारावी सायन्स असावी आणि त्याच्या वर काही नसावं. पदवीधर घ्यायचा नाही, हा हर्षदशेठचा नियम होता, आणि तो का, हे ते मोकळेपणानं सांगत. पदवीधर तीन महिन्यांत सोडून जातो, झाडू हातात दिला की त्याचं तोंड पडतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सही करण्याआधी कागद वाचतो.

किमयानं बारावीचं गुणपत्रक दाखवलं आणि पुढचं काही सांगितलं नाही. खोटं काही नव्हतं, बारावी ती झालीच होती. वेड पांघरून लोक पेडगावला जातात, ही रोह्याला निघाली. हर्षदशेठनी पसंत केली आणि सांगितलं, सोमवारी सकाळी आमची गाडी तुमच्या फाट्यावरून घेईल, पहिल्या दिवशी मी स्वतः गाडीत असेन.

फाट्यावरून. म्हणजे फ्लेक्सच्या बरोबर खालून.

गुरुवारी ती माझ्या दुकानात आली तेव्हा घामाघूम झाली होती. तिला काय हवंय ते तिनं सांगितलं, आणि मी आधी हसलो, मग हसायचा थांबलो.

"प्रविणदादा, भांडी धुवायला लागली तरी चालतील," ती म्हणाली. "ती प्रयोगशाळेतली हायत ना. दोन वर्षांनी कागदावर प्रयोगशाळा असं लिहून मिळेल. त्या कागदाशिवाय मना कोण दारात उभी करणार नाय."

काळ्या झग्याचं काय करायचं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, त्याची चिंता सोड, हल्ली बालवाडीतली पोरंही काळा झगा आणि टोपी घालून फोटो काढतात. प्रश्न खालच्या ओळीचाच होता. ती झाकायला मी त्याच रंगाची, त्याच अक्षरांची एक पट्टी छापली: 'बारावी (विज्ञान) परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल'. माझ्या हातून आजवर शेकडो पदव्या छापल्या गेल्या. कोणाला खाली उतरवायची ही पहिलीच वेळ, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

बापाला सांगितलंस का, मी विचारलं. म्हणाली, आज सांगते.

रविवारी दुपारी पट्टी, चिकटवायचा गम आणि शिडी घेऊन मी फाट्यावर गेलो. पुंडलिककाका मैलाच्या दगडावर बसले होते. शेजारी किमयाची आई चंद्रावतीकाकी उभी होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की गुरुवारपासून नवरा मुलीशी बोललेला नाही, पण रोज सकाळी फ्लेक्स पुसून येतोय. तिचं स्वतःचं मत सरळ होतं. पोरगी घरात बसून झुरते त्यापेक्षा बारावी झालेली बरी.

मी शिडी लावली. काका उठले आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. मला वाटलं, आता फाडतात.

"पाच वर्षं ती एकेक पायरी चढली," ते म्हणाले, "नि तू एका पट्टीत खाली आणलीस."

मी आपला गमाचा डबा बघत बसलो. बराच वेळ त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, गम नको. कडांना भोकं पाडून दे, मी बांधतो. चिकटवली तर काढताना खालची अक्षरं जातील, आणि ही काय कायमची हाय काय? मी चार कोपऱ्यांना लोखंडी कड्या ठोकून दिल्या. नायलॉनची दोरी पुढे केली तर तीही नको म्हणाले.

"सुतळी दे. किती दिवस ठेवायचीय!"

ते स्वतः शिडीवर चढले. आधी ओल्या फडक्यानं खालची ओळ पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी एम.एस्सी.मधल्या टिंबांसकट. मग तिच्यावर पट्टी बांधली. खाली उतरले, लांब जाऊन पाहिलं, पुन्हा वर चढले आणि डावी बाजू बोटभर उचलली. वाकडी राहिली तर कोणीही ओळखेल, म्हणाले. मिठागराचे बांध दोरी लावून सरळ घालणाऱ्या माणसाची नजर ती. इतकी सरळ पट्टी मला बांधता आली नसती.

सोमवारी हर्षदशेठची गाडी आली. त्यांनी काच खाली करून फ्लेक्स वाचला, आणि किमयाला म्हणाले, छान, बारावीचं पण कौतुक करतात तुमच्याकडे. गाडी रोह्याला गेली.

पुढचं मला किमयाच अधूनमधून दुकानात येऊन सांगायची. भांडी धुण्याचं तिला काही वाटत नव्हतं. अवघड होतं ते काही येत नसल्यासारखं वागणं. तिथला केमिस्ट रितेश स्वभावानं चांगला. बी.एस्सी. आणि दोन वर्षांचा अनुभव. तो तिला रोज काहीतरी शिकवायचा. हे आम्ल, याला हात लावायचा नाही, भाजतं. ती डोळे मोठे करून विचारायची, म्हणजे लिंबासारखं का सर? असं दिवसातून चार वेळा अडाणी व्हावं लागे. एकदा त्यानं फळ्यावर समीकरण चुकीचं मांडलं, तेव्हा तिनं बेसिनचा नळ मोठा सोडला आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. घरी येऊन तेच समीकरण वहीत बरोबर करून ठेवलं, तेव्हा कुठे जेवण गेलं. मात्र काचेच्या कपाटाबाहेरून पाहिलेलं ते यंत्र आता ती रोज पुसत होती, आणि रितेशचं बघून चालवायलाही शिकली होती.

पट्टीची ही युक्ती हळूहळू इतर पदवीधरांना कळल्यावर माझ्याकडे पट्ट्यांची रांग लागली. एक बी.ई. आला, त्याला आयटीआय व्हायचं होतं. एक एम.ए. बाई आल्या, त्यांना दहावी पुरे होती. म्हटलं, चला, शिक्षणानं कोणाचं पोट भरो न भरो, माझं भरतंय.

चार महिन्यांनी पुंडलिककाका दुकानात आले. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं सुतळी कुजली होती आणि पट्टीचा एक कोपरा लोंबत होता. त्यांनी नायलॉनच्या दोरीकडे बोट दाखवलं, मी वाव-दोन वाव कापून दिली, आणि ते घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं.

आणि गेल्या जुलैत, निकालाच्या दिवसांत, हर्षदशेठ स्वतः माझ्या दुकानात आले. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मुलगा सुजय बी.ई. झाला होता, आणि वडखळ नाक्यावर फ्लेक्स लावायचा होता, नाक्यावर लागेल तेवढा मोठा. माणूस इतका खुशीत होता की त्याचा नियम त्याला आठवत नव्हता. मलाही आठवला नाही, हेच माझं चुकलं. गिऱ्हाइकाला जुनी डिझाईनं दाखवायची मला सवय. पेढा तोंडात टाकून मी एकेक फाईल उघडत गेलो. हे बघा, हे बघा, हे बघा.

तिसरी फाईल किमयाची होती. पट्टीशिवायची.

मी फाईल बंद करायला गेलो, तर हर्षदशेठ म्हणाले, थांबा. ते पुढे वाकले आणि खालची ओळ सावकाश वाचली. दीड वर्ष ते तो फ्लेक्स रस्त्यानं येताजाता बघत होते, हे मला माहीत होतं. किमयाच्या अनुभवाच्या कागदाला अजून सहा महिने बाकी होते, हेही माहीत होतं. एका फोनवर ते सहा महिने गेले असते, आणि त्याला कारण माझा पेढा.

"ही आमच्या गाडीतली ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? झगा, टोपी, नाव, सगळं समोर होतं.

ते खुर्चीत मागे टेकले. हातातल्या फोनवर सुजयचा फोटो उघडाच होता, त्याच्याकडे बघत बसले. मी चहा मागवला, तो आला, निवला. मी विचारलं, सुजयचं पुढे काय ठरलंय? म्हणाले, चार ठिकाणी जाऊन आलाय. सगळीकडे अनुभव मागतात.

मग त्यांनी फोन खिशात टाकला. किमयाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. ती दुसऱ्या दिवशी गाडीत होती आणि आजही आहे. त्यांनी फक्त स्क्रीनवर बोट ठेवलं, खालच्या ओळीवर, आणि आवाज खाली आणून विचारलं, की तिच्या फ्लेक्सवर ती दुसरी ओळ बांधलेली असते, तशी एक वेगळी पट्टी करून मिळेल काय? आत्ता लावायची नाही. असू दे आपली घरात.

मिळेल की, मी म्हटलं. काय लिहू? ते म्हणाले, बारावी. मी मॅटर लिहून घेतलं आणि विचारलं, बांधायला नायलॉन देऊ का?

"नको, सुतळी द्या," हर्षदशेठ म्हणाले. "किती दिवस ठेवायचीय!"

मी सुतळी दिली. फ्लेक्सची गुंडाळी बांधताना त्यांच्या नकळत नायलॉनच्या दोरीची एक गुंडीही आत सरकवून दिली.