अडतीस पट्ट्यांची साक्ष

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा हिरवा स्टिकर सांगतो की माझी तपासणी झालेली आहे. माझ्यापुरते ते खरे आहे. तरीही स्टिकरवर जाऊ नका.

मी एक जुना डिफिब्रिलेटर आहे. माणसाचे हृदय भलत्याच तालात फडफडू लागले की छातीवर विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणायचे, हे माझे काम. अमेरिकेच्या उत्तरेकडील एका थंड गावातल्या कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या एका बाईने मला तीन वेळा चार्ज करून रिकामे केले आणि मगच माझ्या कागदावर सही केली. आधी पाहायचे, मग लिहायचे. जगाची रीत हीच असावी, असे मी त्या दिवशी धरून चाललो.

लष्कराने मला विकत घेतले. काही वर्षे मी वाळवंटातल्या एका तंबूत होतो. तिथे एका ट्रकचालकाचे हृदय मी दुसऱ्या झटक्यात ताळ्यावर आणले. त्यानंतर आठवडाभर येणारा-जाणारा माझ्या डोक्यावर थाप मारून जात असे. ते कौतुक संपले, तंबू उठला आणि मी टेक्सासमधील एका लष्करी रुग्णालयाच्या यंत्रशाळेत येऊन पडलो.

तिथे माझी देखभाल पुरुषोत्तमकाका करत. ते नागपूरचे, तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, लष्करात नसलेले पण लष्कराच्या नोकरीत असलेले तंत्रज्ञ. रुग्णालयाच्या सहा इमारतींत माझ्यासारखी अडतीस यंत्रे होती. दरमहा प्रत्येक यंत्र चार्ज करायचे, झटका त्याच्या पोटातच जिरवायचा आणि त्यातून निघणारी बोटभर रुंद कागदी पट्टी फायलीत लावायची. पट्टीवर यंत्राचा क्रमांक, तारीख आणि निकाल छापला जातो. पट्टी नाही तर यंत्र दाराबाहेर जात नाही, असा नियम.

नियम चांगला होता. मला संशय आला तो वेगळ्याच गोष्टीचा. रुग्णालयात नवी यंत्रे येत, तेव्हा अधिकारी त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. बॅटऱ्यांचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून की काय, बॅटऱ्या येत नसत. काकांनी तीन वेळा लेखी मागणी केली. तिन्ही वेळा उत्तर आले की पुढच्या तिमाहीत पाहू. मागच्या वर्षी त्यांच्या हाताखालची दोन पदेही गेली. सहा इमारतींत हिंडायला एकटे काका उरले आणि चार महिने कोणत्याच यंत्राची तपासणी झाली नाही.

अशात हुकूम आला की अडतीसही यंत्रे एका तुकडीबरोबर परदेशी जाणार. जिथे जाणार, तिथून जवळचे रुग्णालय हेलिकॉप्टरने चार तासांवर होते. म्हणजे तिथे एखाद्या जवानाचे हृदय फडफडू लागले आणि यंत्र चार्ज झाले नाही, तर दुसरा उपाय नव्हता.

गुरुवारी विभागाचे मेजर दारात उभे राहिले. आत आले नाहीत, खुर्ची घेतली नाही, कागदावर काही लिहिले नाही. उद्या दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या टेबलावर हव्यात, कशा आणायच्या ते तुमचे तुम्ही बघा, एवढे बोलून ते गेले.

शुक्रवारी सकाळी काकांनी दार लावून घेतले आणि मला टेबलावर ठेवले. माझी बॅटरी धडधाकट होती. माझ्या सेटिंगमध्ये क्रमांक बदलता येतो, घड्याळही मागे-पुढे करता येते. काकांनी दुसऱ्या यंत्राचा क्रमांक घातला, मला चार्ज केले आणि पट्टी काढली. मग तिसऱ्याचा. मग चौथ्याचा. ज्यांना मी कधी पाहिलेही नव्हते त्यांच्या नावाने मी ‘उत्तीर्ण’ म्हणत गेलो. इतर वेळी काम झाल्यावर काका मला पुसत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

सोमवारी सरकारच्या तपासणी कार्यालयातून नेत्रा नावाची अधिकारी आली. टेक्सासमधल्याच प्लेनो शहरात वाढलेली, मराठी आईबापांची मुलगी. तिच्या गळ्यातले ओळखपत्र वाचून काकांचा चेहरा उजळला, जरा जास्तच उजळला असे मला वाटले. अगं, मला काकाच म्हण, असे ते म्हणाले. घरी पाटवडीचा रस्सा असतो, संध्याकाळी ये, आमच्या हिला आनंद होईल, असेही म्हणाले. या आमंत्रणात रस्सा किती आणि भीती किती, ते मला कळत नव्हते.

“येईन ना काका,” ती म्हणाली. “बट फर्स्ट, स्ट्रिप्स.”

मला तिचाही भरवसा नव्हता. असे अधिकारी मी पूर्वी पाहिले होते. फाइल जाड आहे की नाही ते बघायचे, कॉफी घ्यायची आणि निघायचे. पण नेत्राने फाइल वाचली नाही. तिने पट्ट्या सोडवून काढल्या आणि खिडकीपाशी लांब टेबलावर एकीखाली एक मांडल्या. मग ती एकेका पट्टीवरून बोट फिरवत गेली.

“काका, या मशीन्स सहा बिल्डिंग्जमध्ये आहेत ना?”

“हो.”

“मग सगळ्यांचा प्रिंटर एकाच जागी कसा खराब आहे?”

माझ्या प्रिंटरमधला छापणारा एक ठिपका केव्हाच मेला आहे. त्यामुळे माझ्या प्रत्येक कागदावर डाव्या बाजूला केसाएवढी पांढरी रेघ उमटते. अडतीसही पट्ट्यांवर ती होती.

काका खाली बसले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “टेस्ट या एकाच मशीनची झाली.” मग त्यांनी गुरुवारचे सगळे सांगितले. तीन मागण्यांच्या प्रती कपाटातून काढून दिल्या.

“मेजर असं म्हणाले, हे लिहून द्याल?” तिने विचारले.

“लिहून दिलं तर माझीच नोकरी जाईल नं बाप्पा. ते कुठं आहेत कागदावर?”

“तुमची सही आहे, काका. ती मी काढू शकत नाही.”

“काढ म्हणतोय का मी? सही माझीच आहे. फक्त सगळं एकट्या माझ्यावर लावू नको.”

नेत्राने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी चष्मा पुसला, दोनदा पुसला, आणि लिहायला घेतले.

पुढचे दोन दिवस अडतीसही यंत्रे एकेक करून त्याच टेबलावर आली. या वेळी काका आधी पाहत आणि मग लिहीत. मधेच मेजर येऊन गेले. यंत्रे पाठवायची तारीख चुकेल, असे ते म्हणाले. चुकू दे, असे नेत्राने त्यांना नम्रपणे सांगितले. अकरा यंत्रे नापास झाली. नऊंच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. दोन यंत्रे मोठ्या आवाजात चार्ज होत आणि झटका मात्र देत नसत. मला त्या दोघांचीच सर्वांत जास्त भीती वाटली. अकराच्या अकरा मागे राहिली, पुरावा म्हणून मीही राहिलो, आणि नऊ दिवस उशिराने बाकीची गेली. त्यानंतर बॅटऱ्या तीन दिवसांत आल्या. इतकी वर्षे त्या कुठे अडल्या होत्या, ते मला कोणी सांगितले नाही.

दोन महिन्यांनी अहवाल निघाला. नेत्रा तो घेऊन स्वतः यंत्रशाळेत आली आणि तिने काकांनाही तिथे बोलावून घेतले. तोपर्यंत काकांची बदली चादरी आणि गाउन मोजण्याच्या खात्यात झाली होती. पहिल्या पानावर लिहिले होते की एका तंत्रज्ञाने ठरलेली पद्धत पाळली नाही. काकांचा जबाब आणि तिन्ही मागण्या परिशिष्टात होत्या, एकसष्टाव्या पानावर. मेजरांनी आपण असे काही बोललोच नाही असे कळवले होते. मी सगळे ऐकले होते, पण माझ्यात आवाज साठवण्याची सोय नाही.

“मी हे पहिल्या पानावर लिहिलं होतं, काका,” नेत्रा म्हणाली. “वर कोणीतरी मूव्ह केलं. आय ऑब्जेक्टेड. इन रायटिंग.”

“एकसष्टावं पान कोण वाचतं, बेटा?”

“हा रिपोर्ट ज्या कमिटीकडे जातो, तिथला एक माणूस वाचेल. मी त्याला पान नंबर पाठवलाय.”

काकांनी अहवाल मिटून ठेवला. मग, आज तरी जेवायला चल, असे म्हणाले. ती त्यांच्याबरोबर गेली.

त्या माणसाने ते पान वाचले की नाही, मला अजून माहीत नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या पुढेही असे अहवाल येतील, हिरवे स्टिकर येतील. अहवाल मागच्या पानापासून वाचा. यंत्र ठीक आहे असे कोणी सांगितले, तर त्याचा अपमान होईल याची फिकीर न करता ते तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आणि ज्याची सही आहे त्याला पकडाल, तेव्हा दारात उभे राहून बोललेल्यालाही शोधा.

मी आता पुरावा म्हणून एका खोक्यात बंद आहे. माझी बॅटरी काढून घेतली आहे. खोक्यावर चिठ्ठी लावली आहे: ‘यंत्र चालू स्थितीत’. ती लावणाऱ्याने मला सुरू करून पाहिले नाही.