पहिला जोड आपल्याच पायात

मी एक जुनी रापी आहे. चांभाराचं कातडं कापायचं पातं. ट्रकच्या मोडक्या पाट्यातून जामखेडच्या एका लोहारानं मला ठोकून काढलं, तेव्हा मी चार बोटं रुंद होते. आता दीड बोट उरले आहे. मित्रांनो, तुम्ही वय वर्षांत सांगता. मी रुंदीत सांगते, कारण प्रत्येक धारेला मी दगडावर थोडी थोडी संपत गेले.

चार बोटं

माझे धनी अंगदबाबा तेव्हा तरुण होते. बाजारतळाच्या कडेला पत्र्याचं छप्पर, पाण्याची कुंडी आणि मी. त्यांच्या चपला जड असत, नव्या असताना करकर वाजत. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघत. त्याआधी आमच्यापुढं पायांची रांग लागे. बाबा कागदावर पाय ठेवायला सांगत आणि पेन्सिल फिरवत.

तीन बोटं

याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गाड्यांवर रबरी चपला आल्या. रांग संपली. मी पाकिटं आणि पट्टे दुरुस्त करत राहिले.

दोन बोटं

सविता आली. सव्वीस वर्षांची. ती आणि तिचा भाऊ कल्याण मिळून एक कोयता होता. ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं. मोळ्या उचलून सविताच्या कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं. मग कोयता पुरा करायला तिची आई, मनकर्णाबाई, तिच्या जागी उभी राहिली.

"बाबा, मला शिकवा," सविता म्हणाली. "पुढच्या सालाला आईला घरी बसवायचं हाय."

शेजारी शेंगा विकणारी कडूबाई हसली. "का गं, कोयता सोडून रापी धरती व्हय? तुमच्यात कुनी कातड्याला हात लावत न्हाई."

"पायाला तर लावत्यात ना कडूमावशे? शेंगा काय अनवानी विकती तू?"

बाबा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. तीन महिने त्यांनी तिला मला हात लावू दिला नाही. डोळे मिटून कातडं ओढायला लावायचे, जनावराच्या पाठीचं की पोटाचं ते ओळखायला.

"ह्ये काय?"

"पाठ."

"आन ह्ये?"

"पोट."

"पोटाचा पट्टा का करू नये?"

"वढलं की वाढतंय. पट्टा सैल हुतो, पाय भाईर येतो."

"आन पहिला जोड?"

"आपल्याच पायात. सालभर घालायचा. जिथं तुटंल तिथं शिकायचं."

हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम होता. शिकणाऱ्याचा पहिला जोड दुसऱ्याला द्यायचा नाही. विकत नाही, फुकट नाही, देवाच्या नावानंही नाही.

दिवाळीनंतर बाबा मोतीबिंदू काढायला नगरला गेले. चार दिवस. सविताच्या पहिल्या जोडाला तेव्हा फक्त पट्टे घालायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, टोळीचा ट्रॅक्टर उद्या पहाटे निघणार.

*इथला एक तुकडा मी कापून बाजूला ठेवते. नंतर जोडीन.*

बाबा परत आले, डोळ्यावर हिरवी पट्टी.

"जोड कुठाय तुझा?"

"आईच्या पायात."

"तू घालून बघितलास?"

"न्हाई. तिची चप्पल पिनंवर चालली हुती, बाबा. तशीच जानार हुती."

"पट्टे कशाचे घातले?"

"पाठीचे."

रोज संध्याकाळी फोन यायचा. सविता मला मांडीवर ठेवून बोलायची. फडातून मनकर्णाबाईचा आवाज यायचा, "लई ग्वाड चप्पल झालीय गं. टोळीतल्या बाया इचारत्यात, कुनी शिवली? म्या सांगते, माज्या लेकीनं."

"आई…"

"काय गं?"

"काय न्हाई. जप."

असं एकवीस दिवस झालं. आई, काय गं, काय न्हाई.

बाविसाव्या दिवशी मनकर्णाबाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होत्या. वरच्या टोकाला डावा पाय चपलेतून बाहेर आला. त्या खाली पडल्या आणि मोळी त्यांच्यावर.

दवाखान्यात न्यायची गरज उरली नव्हती.

कापलेला तुकडा

आता जोडते. मुकादमाचा निरोप आला त्या संध्याकाळी छपरात पाठीचं कातडं एकाच पट्ट्यापुरतं होतं. सवितानं उजवा पट्टा कापला. मग कोपऱ्यातला दुसरा तुकडा घेतला. डोळे न मिटताही तिला कळलं. मलाही. पाठ कापताना मला दम लागतो. पोट लोण्यासारखं कापलं जातं. त्या डाव्या पट्ट्याला मला दम लागला नाही.

तिनं तो ओढला. थोडा वाढला. परत ओढला नाही.

"चालतंय," ती स्वतःशीच म्हणाली. "आई कुठं लई जड हाय."

आईच्या डोक्यावरची मोळी तिनं हिशेबात धरलीच नव्हती.

दीड बोट

तेराव्यानंतर कल्याण पिशवीतून चपला घेऊन आला. बाबांपुढं ठेवल्या आणि गेला. बाबांनी डोळे मिटले. उजवा पट्टा ओढला. डावा ओढला.

"पोट हाय."

"व्हय," सविता म्हणाली.

"फोन व्हता न्हवं तुज्याजवळ?"

"व्हता."

कडूबाईनं शेंगांचं पोतं बांधलं आणि तोंड दुसरीकडं केलं.

मला वाटलं, बाबा तिला हाकलतील. त्यांनी मला दगडावर लावलं, फार वेळ, गरजेपेक्षा जास्त. मग माझी मूठ तिच्याकडं केली.

"काढ त्यो पट्टा. पाठीचा घाल. आन घाल पायात."

"बाबा, ती आईची हाय."

"तुजीच हुती. पहिला जोड हाय."

तिनं पट्टा बदलला. चप्पल पायात घातली. कातडं पायाचा साचा धरतं, मित्रांनो. एकवीस दिवसांत त्यात मनकर्णाबाईच्या बोटांचे खड्डे पडले होते. सविताची बोटं त्या खड्ड्यांत बसत नाहीत. टोचतात. ती त्याच चपलेनं रोज येते, रोज जाते. कल्याण तिच्याशी बोलत नाही. नवा कोयता पुरा करायला त्यानं माणूस शोधला आहे.

सविता आता सुबक शिवते. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी प्रत्येक पट्टा ओढते. एकदा नाही, चारदा. लोक कंटाळतात.

माझी अजून एखाद्या सालाची धार उरली आहे. मग मीही गंजलेल्या खिळ्यांच्या डब्यात जाईन. त्याआधी एवढंच सांगते. तुमच्या हातून काही कच्चं गेलं असेल आणि ते कुणाच्या पायात असेल, तर आजच सांगा. फोन करा. पळत जा. लाज वाटेल, वाटू द्या. मी त्या संध्याकाळपासून सगळं जाणत होते, पण मी लोखंड आहे.